ह्यांचा अंगठा

१२ जानेवारी, सोमवार

सावनीने पुण्याहून ही डायरी पाठवली आहे. म्हणे, आई, घरात बोलायला कोणी नाही तर निदान लिहीत जा. आमची लेक मनःशांतीचे व्हिडिओ फार बघते. मी म्हटलं, मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय, मला प्रयोगाच्या वहीपलीकडे काही लिहिता येत नाही. तर म्हणाली, मग प्रयोग म्हणून लिही. घ्या!

लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून डायरी कोरीच पडली होती. आज आहे.

आज अकराच्या सुमारास ह्यांचा फोन वाजला. हे गेले त्याला येत्या आषाढात वर्ष होईल. फोन मात्र मी बंद केलेला नाही. खिडकीजवळच्या ह्यांच्या टेबलावर, चष्म्याशेजारी असतो. रोज चार्ज करते, संपत आला की रिचार्ज मारते. सावनीला हे ठाऊक नाही. कळलं तर ती आणखी व्हिडिओ बघेल. सुरुवातीला पक्षकारांचे फोन यायचे, दस्त कधी करायचा म्हणून. मी उचलत नसे. पुढे तेही थांबले.

आज मेसेजचा आवाज झाला. हात कणकेत होते, तशीच धावले. लिहिलं होतं की वैजनाथ यांच्या आधार क्रमांकाची बोटाच्या ठशाने पडताळणी यशस्वी झाली. खाली कुठल्याशा सेवा केंद्राचं नाव, गाव सिल्लोड.

मशीनची चूक, दुसरं काय! माणूस गेल्यावर बोट कुठून येणार? पोरांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायला शिकवणारी बाई मी, मला एवढं कळतं. तरी तो मेसेज मी कितीदा वाचला ते इथे लिहीत नाही. ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर कधी तोंडाने घेतलं नाही. आज ते असं समोर आलं, आणि पुढे "यशस्वी". लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. फोनला कणीक लागली होती ती ओल्या फडक्याने पुसली.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. शेजारची करुणा तिळगूळ देऊन गेली. हळदीकुंकवाबद्दल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि पळाली. बोलवायचं नसेल तर नका बोलवू बाई, पण चोरासारखं तोंड कशाला करता? मी टिकली लावायची सोडलेली नाही, याचाच गल्लीला जास्त त्रास होतो.

एक गोष्ट आज लक्षात आली. मेसेज आला तो वार सोमवार होता. हे दर सोमवारी सिल्लोडला जात. तिथे ह्यांचे जुने पक्षकार होते. येताना पिशवीभर मक्याची कणसं आणायचे आणि मीच सोलायची.

योगायोग आहे. नुसती नोंद केली.

२१ जानेवारी, बुधवार

आज पुन्हा. तीच वेळ, तेच शब्द. या वेळी गाव चितेगाव.

चितेगावलाही ह्यांची बरीच कामं असत. पैठण रोडला कारखाने आले तशा जमिनी विकल्या गेल्या, वाटण्या झाल्या, आणि तिथल्या निम्म्या लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं ह्यांनीच लिहिली. हे दस्तलेखक. नोंदणी कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून सुरुवात केली, मग समोर खोली घेतली. ह्यांचा दस्त कधी परत आला नाही याचा ह्यांना भारी अभिमान. बाकीचे लोक आधारचे शेवटचे चार आकडे लिहून मोकळे व्हायचे. हे पूर्ण नंबर लिहीत, वर कार्डाची झेरॉक्स मोठी करून जोडत. म्हणत, "उद्या कोर्टात गेलं तर कुणी म्हणता कामा नये की हा मी नव्हेच."

आणि अंगठा! त्याचा तर ह्यांनी सोहळाच करून ठेवला होता. आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, मग शाई बेताची, मग अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून उठवायचा. शेतात राबून बायकांचे अंगठे गुळगुळीत झालेले असतात. त्यांचा हात हे स्वतः धरत आणि हलकेच दाबत. "रेघ न् रेघ दिसली पाहिजे." मी चेष्टा करायची की परक्या बायकांचे हात धरायचा एवढा एकच राजमान्य धंदा उरलाय वाटतं. हे गालात हसत. ओळखीला साक्षीदार आणायचा म्हणजे त्या माणसाचा रोज बुडतो, म्हणून बहुतेक दस्तांवर साक्षीदारही हेच. आपला नंबर, आपला अंगठा, तोही तितकाच स्वच्छ.

आता मी अकराच्या आत अंघोळ, पूजा आटपते आणि बरी साडी नेसून ह्यांच्या खुर्चीशेजारी बसते. यालाही नोंदच म्हणायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकदाचं नळाला पाणी आलं. पिंप, बादल्या, पातेली, दिसेल ते भरलं. मोटरच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून तो पदरात बांधून फिरले.

आणि आलाच! "बचत खाते उघडण्यासाठी ओळख पडताळणी यशस्वी." पुन्हा चितेगाव.

म्हणजे आज स्वारी बँकेत! ह्यांना बँकेचा केवढा कंटाळा. रांगेत उभं राहायचं म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखायला लागायचे आणि पासबुक घेऊन मला जावं लागायचं. आता म्हणे स्वतः जाऊन खातं उघडलं. मी एकटीच मोठ्याने हसले. पाणी वाहून गेलं ते कळलंसुद्धा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सावनी दोन दिवसांसाठी आली होती. आत्ताच गेली. भांडण झालं.

तिने फोन पाहिला, मेसेज पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. "आई, हे कधीपासून चाललंय? कोणीतरी बाबांचा अंगठा वापरतंय. अगं, नकली अंगठा बनवतात रबराचा." मी म्हटलं, बनवू दे, ह्यांच्या खात्यात आहे काय? ते तर तूच रिकामं करून दिलंस. ती म्हणाली, "प्रश्न पैशांचा नाहीये. ठसा लॉक करता येतो. ह्याच फोनवर ओटीपी येईल, आत्ता करून टाकू. आणि ते गेल्याची नोंद आधारवर तू अजून केली नाहीस? मृत्यूचा दाखला कधीच मिळालाय ना?"

मी फोन उचलला आणि पदराखाली धरला. लहान मुलासारखा. ती बघतच राहिली. म्हणाली, "आई, ते बाबा नाहीयेत."

मला काय माहीत नाही? मीच त्यांच्या हातातला चहाचा कप सोडवून घेतला होता. पण लॉक करायचं म्हणजे काय, तर उद्या अकराला फोन वाजणार नाही. ते तिला सांगितलं नाही. तिला म्हणाले, "माझ्या घरात मला शिकवू नकोस." रिक्षात बसेपर्यंत ती डोळे पुसत होती. मी खिडकीतून पाहिलं, हात केला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते सरळ लिहून काढते.

दुपारी दारात एक म्हातारी बाई आणि एक तरुण उभा. बाईच्या एका डोळ्याला हिरवी पट्टी. "रायटरसाहेब हायेत का?" मी ओळखलं नाही. चितेगावच्या आशाबाई. लेकीच्या नावाने शेत केलं त्याचं बक्षीसपत्र ह्यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. सोबत पुतण्या शिवराज, तिकडेच कंपनीत आहे.

पाणी दिलं तर शिवराजने ग्लास खाली ठेवला. "काकू, आमी बसायला नाय आलो. हिच्या बँकेतलं समदं गेलंय. अंगठा लावून काढलं म्हणत्यात. आणि ही तर महिनाभर उंबऱ्याच्या भाईर पडली नाय, डोळ्याचं आपरेशन झालंय. दुसऱ्या डोळ्यासाठी दुधाचं पैसं साठवून ठिवले व्हते, त्येबी गेले."

मी म्हटलं, अरे, मग पोलिसांत जा.

"गेलो की. बँकवाल्यांनी सांगितलं, पैसं ज्या खात्यात वळवलं त्ये खातं वैजनाथ नावाच्या माणसाचं हाय. नवंकोरं खातं, याच महिन्यातलं. आधार नंबर काढला तर आमच्या दस्तावर साक्षीदाराचा हाय त्योच."

तीन फेब्रुवारी. मी हसले होते.

आशाबाई त्याच्यावर ओरडल्या. "आरं, हळू बोल! साहेब तसलं माणूस नाय. वैनी, माझा हात धरून अंगठा उठवला व्हता बघा त्यांनी. म्हनले, मावशी, तुमच्या हातावर लई मेहनत हाय, शाई धरंना. त्यांना बोलवा. त्यांनी एक शबूद सांगितला की मी गप घरी जाते."

त्यांची नजर माझ्या कपाळावर होती. घरात ह्यांचा हार घातलेला फोटो नाही, मी लावलेलाच नाही. टेबलावर चष्मा, फोन चार्जिंगला. कुणालाही वाटेल की माणूस आत्ता येईल.

मी म्हणाले, "हे बाहेर गेलेत."

असं का म्हणाले? कोणी मारून मुटकून वदवलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं आणि पडल्यावर मला बरं वाटलं, हे त्याहून वाईट.

शिवराज म्हणाला, "कधी येणार?" मी म्हटलं, सांगता येत नाही. तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. जाताना आशाबाई म्हणाल्या, "आल्यावर सांगा त्यांना, आशाबाई येऊन गेली." आणि जिना उतरताना, एकच डोळा चालतो म्हणून, भिंत चाचपत उतरल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. क्रांती चौकाकडून सकाळपासून ढोल. त्या गोंगाटातही टेबलावरचा तो बारीक आवाज मला ऐकू आला.

गाव दौलताबाद. मला आनंद झाला नाही. त्या अंगठ्याने आज तिथे कोणाचं घर धुतलं असेल? ती बाईसुद्धा अशीच भिंत चाचपत कोणाच्यातरी दारात उभी असेल.

मी फोनकडे बघून विचारलं, "अहो, तुम्ही करताय तरी काय?" खरंच विचारलं. मोठ्याने. मग मला स्वतःची भीती वाटली आणि मी दिवसाढवळ्या घरातले सगळे दिवे लावले.

सावनीला फोन लावला. ती उचलायच्या आत ठेवून दिला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पोलिसांकडून बोलावणं आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढले. सायबरच्या खोलीत प्रेरणा नावाच्या उपनिरीक्षक बसल्या होत्या, सावनीच्याच वयाच्या. मॅडम म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमचे मिस्टर कुठे आहेत? तक्रारदार सांगतात, ते घरात नाहीत आणि तुम्ही पत्ता देत नाही. फरार लिहू का?"

फरार. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल लाल म्हणून थांबणारा माणूस.

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. जमिनीचे जुने दस्त शोधून देणारी कुठलीशी खाजगी साइट होती. आशाबाईंचं बक्षीसपत्र उघडलेलं. ह्यांची भाषा मी कुठेही ओळखीन, "सदरहू" शिवाय ह्यांचं वाक्य सुरू होत नसे. प्रत्येकाच्या नावापुढे पूर्ण नंबर. शेवटच्या पानावर अंगठे. प्रेरणाबाईंनी चित्र मोठं केलं. आधी आशाबाईंचा. मग ह्यांचा, ताटाएवढा झाला. डाव्या बाजूने एक आडवी रेघ गेली होती. या घराच्या वास्तुशांतीला नारळ सोलताना कोयता लागला होता, त्याची खूण. मी हळद दाबून धरली होती त्यावर.

मी पडद्याला हात लावणार होते. लावला नाही.

त्या म्हणाल्या, "इतके स्वच्छ ठसे आम्हीही घेत नाही. दस्त सगळ्यांना बघता येतो हे बरोबरच आहे, नाहीतर एकच प्लॉट चौघांना विकतील. पण नंबर आणि ठसा झाकायला हवा होता. टोळीने याच लेखकाचे दस्त वेचून वेचून उतरवलेत, कारण यात दोन्ही गोष्टी मिळतात. ठशावरून रबराचा अंगठा करायचा आणि कुठल्याही केंद्रावर लावायचा. तुमच्या मिस्टरांचा नंबर तर प्रत्येक दस्तावर आहे. तेच टोळीत आहेत की काय, असा आमचा संशय आहे. म्हणून विचारते, ते कुठे आहेत?"

ह्यांनी सगळ्यांची पक्की ओळख राहावी म्हणून केलं हो. त्या पक्केपणानेच घात केला. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"ते वारले," मी म्हटलं. "आषाढात." आजवर हे वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं. फोनवरून सगळ्यांना सावनीने सांगितलं होतं.

प्रेरणाबाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, आधारवर नोंद का नाही केली? केली असती तर ते खातं उघडलंच नसतं."

याचं उत्तर त्यांच्याकडच्या कागदात बसणारं नव्हतं. मी म्हटलं, "राहून गेलं."

२८ फेब्रुवारी, शनिवार

बसने चितेगावला गेले. आशाबाई गोठ्यापुढे बसल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या, म्हणाल्या, "साहेब आले का?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. की साहेब नाहीत. मागच्या पावसाळ्यापासून नाहीत. मी खोटं बोलले.

शिवराज दारातून ओरडला, "मंग त्या दिशी का नाय सांगितलं? आमी साहेबांना चोर म्हनलो, गावभर म्हनलो. तुमी घरात बसून ऐकून घेतलं?"

आशाबाईंनी त्याला हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, "आमचं मालक गेले तवा मी सा महिने त्यांचं ताट वाढत व्हते, बाई. सासू शिव्या द्यायची. पण माझ्या ताटानं कुनाचं नुकसान झालं नाय."

बोलणं एवढंच. राग असता तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी स्वतःचा अंगठा उजेडात धरून आपल्या एका डोळ्याने निरखला. "साहेबांनी पुसला व्हता तवा लई बरं वाटलं व्हतं. कुनी असं पुसत नाय." मग म्हणाल्या, "आता त्यांना जाऊ द्या वैनी. त्यांच्या हातनं नको ते करून घ्यायलेत लोक."

बसमध्ये सावनीला फोन केला. या वेळी ती उचलेपर्यंत थांबले.

६ मार्च, शुक्रवार

आज केलं.

सावनी येते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. ह्यांचा फोन, दाखला आणि आधार कार्ड पिशवीत घालून आधार केंद्रावर गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मयताचं नाव?"

मी कागद पुढे केला. ती म्हणाली, "आजी, तोंडाने सांगा ना, कागदाचा स्कॅनर बंद आहे." मागे रांग. मी पुन्हा कागदावरच्या नावावर बोट ठेवलं, तिने मान हलवली. शेवटी म्हणाले, "वैजनाथ." उखाण्यात घेतलं तेव्हा मांडवभर टाळ्या पडल्या होत्या. ती मुलगी म्हणाली, "पुढे?"

मग कळवणाऱ्याची ओळख, म्हणजे माझी. अंगठा ठेवा. ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवा. लाल. दुसरा ठेवा. लाल. "आजी, तुमचे ठसे झिजलेत." खडू आणि भांडी, दुसरं काय! इकडे माणूस गेला तरी त्याचा अंगठा गावोगाव चालतोय, आणि मी जितीजागती समोर उभी, तर मशीन म्हणतंय ही ती नव्हे. मला हसू फुटलं. रांगेतले लोक घाबरून बघायला लागले. हसता हसता डोळ्यांना धार लागली आणि ती थांबेना. मुलीने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि शेवटी डोळ्यांच्या मशीनवर माझी ओळख पटली. रडलेल्या डोळ्यांवर.

ती म्हणाली, "मृत्यूची नोंद तपासून पक्की व्हायला थोडे दिवस लागतात. तोवर ठसा लॉक करते. आजोबांच्या फोनवर ओटीपी येईल, तो सांगा."

पिशवीतून तोच आवाज आला. मी आकडे वाचले. तिने टाइप केले. "झालं आजी."

घरी येऊन कपाट उघडलं आणि ह्यांचा फोटो काढून पुसून ठेवला. लावला नाही अजून.

१० मार्च, मंगळवार

नोंदणी कचेरीत गेले. तिथले मोठे लेखनिक ह्यांना ओळखत होते. "साहेबांचे दस्त आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवायचो हो," म्हणाले आणि मग कशाला बोललो असा चेहरा केला. नंबर आणि ठसा झाकण्यासाठी दस्तातल्या माणसाने अर्ज करावा लागतो. आता गावागावांतून एवढ्या म्हाताऱ्या लोकांना कुठून गोळा करायचं? मग ते स्वतःच म्हणाले, "पण साक्षीदारही दस्तातलाच. आणि साक्षीदार मयत असेल तर वारस अर्ज करू शकतो. साहेब सगळ्याच दस्तांवर आहेत." म्हणजे हे गेलेत असं मी लिहून दिलं, तरच ह्यांच्या सगळ्या पक्षकारांचे दस्त झाकले जाणार.

दिलं लिहून. प्रत्येक अर्जावर "कै." लिहायचं होतं. पहिला अर्ज दोनदा लिहावा लागला, नंतर सवय झाली. सवय झाली याचंही वाईट वाटलं.

त्यांनी आशाबाईंचा दस्त सगळ्यात आधी घेतला आणि झाकलेली प्रत दाखवली. नंबरावर काळी पट्टी, शेवटचे चार आकडे तेवढे उघडे. अंगठ्याच्या जागी काळा चौकोन. दोन काळे चौकोन शेजारी शेजारी. एवढ्या निगुतीने उठवलेले! ह्यांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, डाग पडला, दस्त पुन्हा लिहा.

प्रेरणाबाईंचा निरोप आला. आरोपींच्या यादीतून ह्यांचं नाव काढलं. आशाबाईंचे पैसे त्या खात्यातच अडकलेत, कोर्टातून परत मिळतील, डोळ्याचं ऑपरेशन थोडं लांबेल इतकंच. आशाबाईंना मी फोन केला. म्हणाल्या, "बरं झालं वैनी. जेवलात का?"

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. सावनी आली. गुढी आम्ही दोघींनी उभारली. गडू जरा तिरका बसला, हे असते तर पुन्हा उतरवायला लावला असता. फोटो सावनीने लावला, स्टुलाला मी धरून होते. हार नको म्हटलं, तिने आग्रह केला नाही. मग टेबलावरच्या फोनकडे बघून म्हणाली, "हा राहू दे अजून?" मी म्हटलं, नोंद पक्की होईपर्यंत राहू दे, मग बंद करू. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

लॉक केल्यापासून फोन एकदाही वाजला नाही. अकरा वाजतात आणि साडेअकरा होतात. घरात इतकं शांत कधीच नव्हतं, हे गेले तेव्हासुद्धा.

२३ मार्च, सोमवार

सावनी सकाळच्या गाडीने गेली. मी भाजी निवडत होते.

अकराच्या सुमारास फोन वाजला. मला वाटलं नोंद पक्की झाली असेल, त्याचा मेसेज. चष्मा लावून वाचला. ह्यांच्या आधार क्रमांकाची बोटाच्या ठशाने पडताळणी अयशस्वी. ठसा लॉक आहे.

कोणीतरी आज तो रबराचा अंगठा काढून पुन्हा लावून पाहिला, आणि मशीनने त्याला परत पाठवलं. बरं झालं. आज कोणा म्हातारीचं काही गेलं नाही. प्रेरणाबाईंना लगेच कळवलं, त्या म्हणाल्या, छान मॅडम, आता त्या केंद्राचं नाव आणि गाव वाचून दाखवा.

तेव्हा मी खालची ओळ वाचली. आजवर सिल्लोड आलं, चितेगाव आलं, दौलताबाद आलं. आज लिहिलं होतं, गारखेडा परिसर, आपल्या चौकातलं केंद्र. दूध आणायला जाते त्याच्या शेजारचं.

मी त्यांना नाव वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. सोमवार. सिल्लोडहून परत येताना हे त्याच चौकात उतरायचे. तिथून घर चालत दोन मिनिटांवर, आणि जिन्यात पाऊल वाजायच्या आधी मी दार उघडलेलं असायचं.

मला सगळं कळतं. मी विज्ञान शिकवलंय. तरी मी उठले, भाजीचं ताट बाजूला ठेवलं आणि दार उघडलं. जिना रिकामा होता. खाली करुणा कपडे वाळत घालत होती, तिने वर पाहिलं आणि विचारलं, "काकू, कोणी येणार आहे का?"

मी म्हटलं, "नाही." आणि दार थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं.